काट्याची रुजुवात

शरीराचे वजन पाहण्याचा घरगुती काटा न्हाणीघरात ठेवण्याची जी चाल शहरी सदनिकांतून आपल्याकडे आली, ती आमच्या रिद्धपुरासारख्या गावातील घरांना मुळीच मानवणारी नाही. कारण न्हाणीघराची फरशी, पाणी मोरीकडे वाहून जावे म्हणून, मुद्दाम उताराची बसवलेली असते, तिचे सांधे कालांतराने खचलेले असतात आणि जागा सदैव ओली. अशा ठिकाणी काट्याचे चारही पाय जमिनीला सारखे टेकत नाहीत, आणि ज्या यंत्राचे सारे इमान त्या चार पायांतच साठवलेले आहे, त्याच्याकडून मग इमानाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

आमच्या घरी हा काटा हौसेपोटी आला नाही. मोठेबाबांचे हृदय दुर्बल झाल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीखालीच लिहून दिले की रोज सकाळी वजन करून त्याची नोंद ठेवावी. कारण हृदयाची शक्ती क्षीण झाली म्हणजे शरीरात पाणी साचू लागते, आणि पुष्कळदा पायांवर सूज दिसण्यापूर्वी किंवा धाप लागण्यापूर्वी ते वजनात उमटते. नोंदी सुरू झाल्या आणि आकड्यांनी थैमान मांडले. "काहून रे, रातभरात मी दोन किलो खाल्लं काय?" असा मोठेबाबांचा सवाल, आणि तो रास्तच होता, कारण हा फरक शरीरातील पाण्याचा की काट्याच्या लहरीचा, याचा निवाडा झाल्यावाचून त्या वहीला दप्तरातल्या रद्दीहून अधिक किंमत नव्हती.

काटा उलटा करून पाहिला म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. काचेच्या चार कोपऱ्यांखाली चार पाय, आणि प्रत्येक पायात पोलादाची एक लहानशी पट्टी. भार पडला की ती डोळ्यांना न दिसेल इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेची लांबी किंचित बदलते, तारेचा विद्युत्‌रोध बदलतो आणि चारही पायांच्या त्या बदलांची बेरीज आकड्याच्या रूपाने वर येते. एखादा पाय सांध्यावर अधांतरी राहिला, किंवा खाली सतरंजी असल्यामुळे काट्याचे पोट जमिनीला टेकले, तर काही भार पायांना चुकवून परभारे जमिनीत जातो आणि बेरजेत येतच नाही. निव्वळ उताराचा दोष त्या मानाने क्षुल्लक आहे. दोन अंशांच्या उताराने सत्तर किलोंत जेमतेम चाळीस ग्रॅम कमी भरतात. खरा उपद्रव डुगडुगीचा. म्हणून काटा न्हाणीघरातून उचलून मधल्या खोलीत, एकाच अखंड आणि सपाट फरशीवर आणला, खडूने त्याची चौकट आखली, आणि पोरांनी त्याला हात लावू नये असा हुकूम फर्मावला.

हुकूम अर्थातच पाळला गेला नाही, आणि त्यामुळेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. हलवलेला किंवा भिंतीशी उभा करून ठेवलेला काटा पुन्हा आडवा ठेवला की त्याचे शून्य बदललेले असते आणि त्यावरचे पहिले वजन भरवशाचे नसते. पायाने एकदा दाबून सोडावा, शून्य दिसेपर्यंत थांबावे, आणि मगच वर उभे राहावे. उभे राहणाऱ्याने पावले दर वेळी त्याच जागी ठेवून समोर पाहावे. आकडा वाचण्यासाठी वाकले की देह झुलतो आणि आकडाही झुलतो, म्हणून वाचण्याचे काम दुसऱ्याने करावे हे उत्तम.

तिसरी गोष्ट मात्र निव्वळ लबाडीची आहे. काही काटे मागचे वजन स्मरणात ठेवतात आणि नवे वजन त्याच्या जवळपास असले तर मागचाच आकडा पुन्हा दाखवतात. त्यामुळे लागोपाठ तीनदा उभे राहून तीनदा तोच आकडा पाहणारा मनुष्य यंत्राच्या सातत्यावर खूश होतो. याची परीक्षा सोपी आहे. वजन करावे, उतरावे, आणि हातात अर्धा लिटर पाणी घेऊन पुन्हा चढावे. आकडा ढिम्म हलला नाही, तर ते सातत्य नव्हे, मुखोद्गत केलेली साक्ष होय. अशा काट्यावर दोन वजनांच्या मधे एखादी जड वस्तू ठेवून त्याचे स्मरण पुसावे लागते.

यानंतर राहिली खातरजमा. बाजारातल्या वजनांवर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का असतो. घरातल्या काट्याची तपासणी करायला कोणी येत नाही. गावातल्या धान्याच्या दुकानातून बिडाची वीस किलोंची तीन वजने मागून आणली, त्यांच्या बुडाशी ओतलेल्या शिशावरचा ठसा पाहून घेतला, काच फुटू नये म्हणून पाट ठेवला आणि पाटाचे वजन वजा धरले. मधोमध ठेवली तरी, एकेका कोपऱ्याकडे सरकवली तरी, आकडा ६०.३ च्या आसपासच राहिला. म्हणजे काटा तीनशे ग्रॅम अधिक दाखवतो, पण नेहमी तेवढेच दाखवतो. आणि रुग्णाच्या कामाला एवढे पुरे आहे. रोज एक किलो जास्त दाखवणारा काटा चालेल. आज अर्धा किलो जास्त आणि उद्या अर्धा कमी दाखवणारा चालणार नाही.

वऱ्हाडाला तोलाचे हे प्रकरण नवे नाही. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ १८८६ साली कारंज्याला उभी राहिली आणि १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. सरकारची नजर विलायतेच्या गिरण्यांना मिळणाऱ्या शुद्ध कापसावर होती हे खरे, तथापि काट्यावर कोणाची तरी देखरेख हवी हे तत्त्व त्यातून या मुलखात रुजले.

काटा वठणीवर आला तरी देह वठणीवर येत नाही. इटलीतील पाडुआचे वैद्य सांतोरियो तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे स्वतःला तोलत राहिले आणि १६१४ साली त्यांनी ग्रंथ लिहून सांगितले की खाल्ल्याप्यालेल्यातील निम्म्याहून अधिक भाग न दिसणाऱ्या बाष्पाने शरीराबाहेर जातो. आमच्याकडच्या वैशाखात तर तो घामाने दिसतोही. एक लिटर पाणी प्यायले की एक किलो तत्क्षणी वाढतो. आदल्या रात्री पापड-लोणच्यावर हात मारला असेल तर मीठ पाणी धरून ठेवते आणि सकाळचा आकडा चढतो. यावर तोड एकच: पहाटे शौचमूत्र आटोपल्यावर, चहापाण्यापूर्वी, रोज तेवढ्याच कपड्यांत वजन करणे.

आणि जो आकडा येईल तो जसाच्या तसा लिहिणे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात, ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिले-ऐकले त्यांना गाठून आठवणी मिळवल्या आणि आमच्याच गावी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे महानुभावांच्या पोथ्यांत जिथे स्मृती जुळल्या नाहीत तिथे भेद पुसून न टाकता नोंदवले गेले. अशा गावात, आकडा मनास आला नाही म्हणून पुन्हा चढून बरासा आकडा वहीत घालणे शोभत नाही. मोठेबाबांना हे पटले, मात्र दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत वही तहकूब ठेवावी अशी त्यांची दुरुस्ती होती आणि ती नामंजूर झाली.

ज्यांच्या घरी हृदयविकाराचा रुग्ण आहे त्यांनी काट्यासाठी एक जागा आणि एक वेळ मुकरर करावी, आणि बॅटरी बदलली की पुन्हा ज्ञात वजन ठेवून पाहावे. एवढे केल्यावरही तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ दिसली, तर काट्याशी वाद घालत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.