कापूरहोळच्या पुढचं ‘ओव्हर’

पावसाळा भरात आला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : ‘भाटघर ओव्हरफ्लो’. कापूरहोळच्या पुढे, भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर 1928 साली पुरं झालेलं हे दगडी धरण, मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या नावाचं. साठा सुमारे साडेतेवीस टीएमसी. पाणी ठरल्या पातळीला टेकलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच जोरावर उघडतात. मराठीत याला ‘सांडव्यावरून पाणी पडायला लागलं’ असं म्हणत आलो आहोत. ‘सांडवा’ हा नेमका, सुंदर शब्द. मथळ्यात मात्र तो क्वचित दिसतो, कारण आनंदाची बातमी आता ‘ओव्हरफ्लो’तच मावते. हा आनंद बराचसा खालच्या अंगाचा, हेही सांगायला हवं. धरण भरतं भोरात आणि पाणी जातं नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला.

मराठीत आलेले ‘ओव्हर’चे शब्द मोजू गेलं तर यादी लांबते. ओव्हरलोड, ओव्हरटेक, ओव्हरटाईम, ओव्हरड्यू, ओव्हरहीट, ओव्हरडोस, ओव्हरअ‍ॅक्टिंग. यातल्या ‘ओव्हर’चे मुळात दोन अर्थ. एक ‘वरून’, दुसरा ‘प्रमाणाबाहेर’. वरून जाणारी वस्तू मर्यादेच्याही वर गेली की पहिल्या अर्थातून दुसरा निघतो. आपल्या ‘वर’चंही तेच झालंय : वरचढ, वरताण, वरकड. यात योगायोग कमी आणि नातं जास्त. संस्कृत ‘उपरि’, ग्रीक ‘हायपर’, लॅटिन ‘सुपर’ आणि इंग्रजी ‘ओव्हर’ ही एकाच मुळाची भावंडं आणि ‘उपरि’वरूनच आपला ‘वर’ आला. ‘एवढा हायपर होऊ नको’ असं पोराला दटावणारी आई नकळत घरातलाच शब्द परदेशी फिरवून आणते.

मग ‘अति’ हाताशी असताना ‘ओव्हर’ कशाला लागला? मला वाटतं, जिथे यंत्राने, कागदाने किंवा कायद्याने रेघ मारून दिली, तिथे ‘ओव्हर’ शिरला. गाडीच्या आरसी बुकात वजन लिहिलेलं असतं, म्हणून ओव्हरलोड. पतसंस्थेच्या हप्त्याला तारीख असते, म्हणून ओव्हरड्यू. नीरेपलीकडे शिरवळच्या कारखान्यांत जाणारी भोरची पोरं ‘ओटी मारली’ म्हणतात, म्हणजे ओव्हरटाईम केला. त्यामागे 2025पर्यंत 1948चा कारखाना कायदा होता. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांपलीकडे काम झालं तर दुप्पट दराने मजुरी, असं त्याने ठरवलं. ‘अति काम’ म्हटलं तर नुसती तक्रार होते. ‘ओटी’ म्हटलं की पगारपत्रकात रकाना मिळतो.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारं वडाप बघा. (2024च्या निर्णयाने तालुक्याचं नाव राजगड झालं, पण वडापवाला ‘वेल्हं, वेल्हं’च ओरडतो.) मागच्या बाकावर चार बसले की तो म्हणतो, ‘सरका जरा आत, म्हातारीला टेकू द्या.’ मग एक पोतं, दोन कॉलेजची पोरं, आणि दार धरून उभा एक जण. त्याच्या लेखी गाडी ‘भरली’, एवढंच. पुढे खाकी वर्दी दिसली की तीच गाडी ‘ओव्हरसीट’ होते.

इंजिनिअर मंडळींचा एक ‘ओव्हर’ याच खोऱ्यांत सगळ्यात महाग पडला. 1961 साली आंबी नदीवरचं पानशेत धरण पुरतं तयार नसतानाच पावसाने भरत गेलं. पाणी सोडण्याच्या मार्गाचं काम अपुरं होतं. त्यातून उसळत जाणाऱ्या पाण्याच्या हादऱ्यांनी वरचा मातीचा बांध खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. 12 जुलैच्या सकाळी बांध फुटला, खाली खडकवासलाही टिकलं नाही आणि पुणं बुडालं. दगडी धरणाला सांडव्यावरून पाणी गेलं तर काही होत नाही, तो त्याचा धर्मच. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं की माती धुपते आणि धरण जातं. याला इंजिनिअर ‘ओव्हरटॉपिंग’ म्हणतात. ओव्हरफ्लोच्या मथळ्यावर पुण्याची जुनी माणसं अजून चपापतात, त्याचं कारण हे.

माणसाच्या वागण्याला मात्र अशी पातळीची खूण नाही. तिथे ‘ओव्हर’ शेपूट गळून एकटाच वावरतो : ‘तो जरा ओव्हरच करतो.’ हे बहुधा ओव्हरअ‍ॅक्टिंगचंच उरलेलं डोकं. 1869च्या भोरच्या राजवाड्यात सिनेमा-मालिकांची इतकी चित्रीकरणं झाली आहेत, की हा शब्द वापरायचा अधिकार भोरकरांना नक्कीच आहे. पूर्वी अशाला ‘अतिशहाणा’ म्हणत. त्यात राग असे. ‘ओव्हर’मध्ये नुसती टिंगल.

‘अति’ने एक जागा सोडलेली नाही, ती पावसाची. ‘ओव्हररेन’ कुणी म्हणत नाही. पण अतिवृष्टीलाही सरकारने रेघ मारलीच : महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस. वेल्ह्याच्या पश्चिमेला ऐन आषाढात एवढा पाऊस म्हणजे चिखलणीला सोयीचा दिवस, भाताची लावणी त्यावरच उरकते. तोच पाऊस इंद्रायणी भात कापणीला आल्यावर 40 मिलिमीटर जरी झाला, तरी लोंब्या आडव्या होऊन दाणे शेतातच उगवतात. शिवाय पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावी आणि खाचर डोंगरापलीकडे. तिकडे ढग फुटला आणि इकडे मापकात 60च भरले, तर कागदोपत्री अतिवृष्टी झालेली नसते.