काळा कोळसा, पांढऱ्या रिंगा आणि हिरवी टाकी

दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. एवढी मासे-झाडांची टाकी काठोकाठ भरली तरी ५७ लीटरच्या आतच पाणी मावतं. पण तिच्यासाठी फिल्टर घ्यायला गेलं की काउंटरवर पिशव्यांची रांग लागते : पांढऱ्या रिंगा, काळा कोळसा, झिओलाइटचे खडे, प्रवाळाचा चुरा. "सगळंच थोडं थोडं घाला," हा सल्लाही ठरलेला. पहिल्या फिल्टरच्या वेळी मी तो तंतोतंत पाळला. आज माझ्या फिल्टरमध्ये स्पंज, मूठभर रिंगा आणि फायबरचा पातळ थर एवढंच उरलं आहे. बाकीचं का गेलं, त्याचा हा हिशेब.

गैरसमज : फिल्टर म्हणजे गाळणी. पाणी काचेसारखं दिसलं की काम झालं.

वस्तुस्थिती : गाळ अडवणं हे फिल्टरचं सोपं काम. मासे दगावतात ते अमोनियाने, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेलं खाणं कुजून तो पाण्यात येतो. फिल्टरमधल्या मीडियावर, म्हणजे स्पंज-रिंगांवर, वस्ती करणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या दोन पायऱ्या वेगवेगळे जिवाणू वाटून घेतात, असं शंभराहून अधिक वर्षं मानलं जात होतं. २०१५ मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारे नायट्रोस्पायरा जिवाणू सापडले. त्यांतले काही तर मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच मिळाले. थोडक्यात, मीडिया म्हणजे या जिवाणूंचं घर.

गैरसमज : मीडिया नळाखाली लख्ख धुवावा, नाहीतर दर महिन्याला बदलावा.

वस्तुस्थिती : हा धडा मी माशांच्या जिवावर शिकलो. एका रविवारी साऱ्या रिंगा नळाखाली चोळचोळून पांढऱ्याशुभ्र केल्या. बुधवारी सकाळी टेट्रा पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि माझ्या घासण्याने वस्ती उठवली होती. आता पाणी बदलताना काढलेलं टाकीचंच पाणी बादलीत घेतो आणि त्यात स्पंज दोन-तीनदा पिळतो. बादली उकळलेल्या चहासारखी होते. ते पाणी कुंड्यांना जातं. स्पंज तपकिरीच राहतो, आणि तो तसाच हवा. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी धुवायच्या नाहीत. बदलायचा तो फक्त चोंदलेला फायबर.

गैरसमज : रिंगा जितक्या जास्त आणि महाग, तितकी टाकी निरोगी.

वस्तुस्थिती : जागा कितीही दिली तरी जिवाणू वाढतात ते मिळणाऱ्या अमोनियाच्या हिशेबाने. झाडं लावलेल्या टाकीत त्यांना वाटेकरी असतो : बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियमच आधी उचलतात. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास फिल्टरशिवाय, व्हॅलिस्नेरियाच्या भरवशावर गोल्डफिश सांभाळले होते. झाडाची कुजकी पानं पाणी बिघडवू लागली, तेव्हा त्यांनी ती खायला गोगलगायी सोडल्या. आपल्याला फिल्टर नको असा याचा अर्थ नाही, पण निम्मा फिल्टर टाकीतच उगवलेला आहे एवढं ध्यानात ठेवावं. उलट, फिल्टर ठासून भरला की धार मंदावते, आणि खत नि कार्बन डायऑक्साइड पानांपर्यंत पोहोचतो तो या धारेनेच. साधा स्पंज गाळही अडवतो आणि जिवाणूंनाही भरपूर जागा देतो.

गैरसमज : कोळसा हवाच. किंवा याच्या उलट, कोळसा झाडांचं सगळं खत खातो.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची. अॅक्टिव्हेटेड कार्बन लाकडातून उतरणारा पिवळट रंग, वास आणि औषधं धरून ठेवतो. अमोनिया आणि नायट्रेट त्याच्या हाती फारसे लागत नाहीत. त्यामुळे नत्र-पालाश खतांना त्याचा धोका नाही. लोहासारख्या सूक्ष्म खतांचा थोडा अंश मात्र अडकू शकतो. काही आठवड्यांत त्याची धरण्याची ताकद संपते. म्हणून गरज लागेपर्यंत तो पुडीत बंद ठेवावा. माशांना औषध द्यायचं असेल तेव्हा फिल्टरमध्ये कोळसा नको. उपचार संपल्यावर उरलेलं औषध काढायला तो हवा.

गैरसमज : शेवाळ आलं की फॉस्फेट आणि अमोनिया शोषणारा मीडिया घालावा.

वस्तुस्थिती : फॉस्फेट हे झाडांचंही अन्न आहे. ते संपलं की झाड खुंटतं, आणि खुंटलेल्या पानावर शेवाळ अधिकच बसतं. आधी दिव्याचे तास कमी करा, माशांचं खाणं आवरा, पाणी बदला. झिओलाइट अमोनियम धरतो हे खरं, पण तो घास तर जिवाणूंचा आणि झाडांचा. अचानक अमोनिया वाढला तर तात्पुरता उपाय म्हणून तो ठीक.

गैरसमज : शिंपले आणि प्रवाळाचा चुरा फिल्टरमध्ये चांगलाच.

वस्तुस्थिती : दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. ते विरघळून पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवतात. फार मऊ पाण्यात चिमूटभर उपयोगी, पण बोअरचं पाणी मुळातच जड असेल तर ती भर अंगाशी येते. कारण २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो.

गैरसमज : वीज गेली, आली, फिल्टर आपोआप सुरू झाला, काळजी नाही.

वस्तुस्थिती : बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये धार थांबली की जिवाणू उरलासुरला प्राणवायू काही तासांत संपवतात आणि मरू लागतात. रात्रभर वीज नसेल तर सुरू करण्याआधी आतलं कुबट पाणी ओतून टाका.

आता मांडणी. पाणी ज्या बाजूने आत शिरतं तिथे आधी जाड स्पंज, मग बारीक स्पंज, मग रिंगा आणि शेवटी फायबर. पुष्कळ कॅनिस्टरमध्ये पाणी खालून वर चढतं. तिथे जाड स्पंज सर्वांत खालच्या ट्रेमध्ये.

दुकानात पुढची पिशवी समोर आली की दुकानदाराला एकच विचारा : हे पाण्यातून नेमकं काय काढतं? उत्तर "गाळ" असेल तर घ्या. उत्तर माझ्या झाडांच्या ताटातलं असेल, तर मी पिशवी परत सरकवतो.