नवं लायसन्स, जुना सर्व्हर

मार्चचा तिसरा आठवडा होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून सकाळी पावणेआठला फोन आला. डिस्पॅचचे मामा होते. "साहेब, रातच्या शिफ्टला बरोबर चालत हुतं बघा. आता एक बी पीसी सर्व्हरला जाईना झालाय. दोन गाड्या भरून हुब्या हाईत."

फाउंड्रीत कास्टिंग नुसतं भरून पाठवता येत नाही. कोणत्या हीटचं, म्हणजे भट्टीच्या कोणत्या घाण्याचं आहे, रासायनिक तपासणीत काय आलं, याचा दाखला सोबत लागतो. तो दाखला सर्व्हरवरच्या एका जुन्या प्रोग्राममधून निघतो. ऑफिस, स्टोअर, लॅब आणि डिस्पॅच मिळून १४ पीसी रिमोट डेस्कटॉपने त्या एकाच सर्व्हरवर काम करतात.

पोहोचलो आणि डिस्पॅचच्या पीसीवर जोडून पाहिलं. लायसन्स देणारा सर्व्हर उपलब्ध नाही, म्हणून जोडणी तोडली, असा संदेश आला. मी मागे दिवस मोजले. आधीचं यंत्र जळाल्यावर दिवाळीनंतर कुणीतरी नव्या यंत्रावर विंडोज सर्व्हर २०१६ टाकून दिलं होतं. रिमोट डेस्कटॉपची सोय सुरू केली, की पहिल्या जोडणीपासून १२० दिवस लायसन्स नसतानाही चालतं. लायसन्स कुणी टाकलंच नव्हतं, आणि ते १२० दिवस ऐन मार्चअखेरीला संपले.

गाड्यांचा प्रश्न आधी सोडवायचा होता. सर्व्हरसमोर प्रत्यक्ष बसून काम करायला ही अडचण येत नाही. त्यामुळे लॅबच्या बाई स्वेटर घालून सर्व्हरच्या थंड खोलीत स्टुलावर बसल्या आणि एकेक हीट नंबर वाचून दाखले छापत गेल्या. पुढचे चार दिवस त्यांनी तिथूनच काम केलं. रजिस्ट्रीतली एक नोंद पुसून ते १२० दिवस पुन्हा मिळवण्याचा उपाय अनेक जण सांगतात. मी तो करत नाही. तो करारात बसत नाही, आणि मालकांना खरी स्थिती कळतही नाही.

दरम्यान कपाटातून एक फाइल निघाली. जळालेल्या यंत्रासाठी घेतलेली २० लायसन्सं, विंडोज सर्व्हर २०१२ची. मालकांना हायसं वाटलं. मला मात्र सांगावं लागलं की ही इथे चालणार नाहीत. या लायसन्सला आमच्याकडे कॅल म्हणतात. कॅलची दिशा एकच, वरून खाली. २०१६च्या सर्व्हरला २०१६ची किंवा त्यानंतरची कॅल लागते. डीलरला विचारलं, तर २०१६ची आता मिळत नाहीत, २०२२ची देतो म्हणाला.

"नव्याचं लायसन्स जुन्याला कसं चालंल?" मालकांनी विचारलं. मी लोकलचं उदाहरण दिलं. फर्स्ट क्लासचं तिकीट असलेला माणूस सेकंड क्लासच्या डब्यात बसू शकतो, सेकंडवाल्याला फर्स्टमध्ये बसता येत नाही. ते त्यांना पटलं.

लायसन्स माणसामागे घ्यायचं की यंत्रामागे, हेही तेव्हाच ठरवलं. डिस्पॅचच्या एका पीसीवर तीन पाळ्यांत तीन माणसं बसतात, म्हणजे इथे यंत्रामागेच घेणं योग्य. १४ पीसी, म्हणून पाच-पाचचे तीन पॅक. शिवाय सर्व्हर वापरण्याची साधी कॅल वेगळी आणि रिमोट डेस्कटॉपची वेगळी, दोन्ही लागतात. साधी कॅल कुठे टाकायची नसते, कागद जपून ठेवायचा असतो. रिमोट डेस्कटॉपची मात्र सर्व्हरवर नोंदवावी लागते, आणि खरी अडचण तिथे आली.

पॅक आले. प्रत्येकावर पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांचा, २५ अक्षरी कोड. डीलरच्या मुलाने त्याच २०१६च्या सर्व्हरवर लायसन्सिंगचा भाग चालू केला आणि कोड टाकला. घेतला नाही. पुन्हा टाकला. तिसऱ्या वेळी मी एकेक अक्षर वाचलं, त्याने टाइप केलं, तरी नाही. कोडमध्ये चूक नव्हती. लायसन्स वापरणारा सर्व्हर जुना असला तरी चालतो, पण लायसन्स सांभाळणारा सर्व्हर लायसन्सच्याच आवृत्तीचा किंवा त्याहून नवा असावा लागतो. २०१६च्या खातेवहीत २०१६पर्यंतचीच कॅल लिहिता येतात. बहुतेकांची दोनतीन दिवसांची धावपळ याच एका गोष्टीपायी होते.

सुदैवाने बॅकअपसाठी घेतलेलं दुसरं यंत्र २०२२चं होतं. लायसन्स वाटण्याचं काम हलकं असतं, त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. त्यावर लायसन्सिंग चालू केलं, इंटरनेटवरून ते सक्रिय केलं आणि नावापुढे हिरवी खूण आली. तोच २५ अक्षरी कोड आता पहिल्या फटक्यात घेतला. मग २०१६च्या सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत दोन गोष्टी भरल्या, लायसन्स कुणाकडे मागायचं आणि ते यंत्रामागे आहे. दुसरी राहिली, तर पहिली बरोबर असूनही काम होत नाही.

त्यानंतर मामांना डिस्पॅचच्या पीसीवर लॉगइन करायला सांगितलं आणि मी २०२२च्या पडद्यासमोर बसलो. पीसीचं नाव यादीत उमटलं, पण पुढे तात्पुरतं लायसन्स. ९० दिवसांचं. डीलरचा मुलगा घाबरला. मामांना म्हटलं, बाहेर पडा आणि पुन्हा आत या. पडदा ताजा केला, तर आता २०२२चं कायमचं लायसन्स. पहिल्या खेपेला तात्पुरतं आणि वापरणारा खरंच आत आला की पुढच्या खेपेला पक्कं, अशी ती पद्धत आहे. पक्क्यालाही ५२ ते ८९ दिवसांमधली मुदत असते, पण पीसी वापरात असला की ते आपोआप नवं होतं. बंद पडलेल्या पीसीकडे अडकलेलं लायसन्स त्यामुळे परत येतं.

जुना सर्व्हर मागतो २०१६चं. ते शिल्लक नसलं, तर लायसन्स सर्व्हर वरच्या आवृत्तीतलं काढून देतो. हे करू नये, अशी एक पॉलिसी आहे. ती चालू असली तर फक्त तात्पुरतं मिळतं, आणि ९० दिवसांनी गाड्या पुन्हा उभ्या राहतात. मी ती बंद असल्याची खात्री केली आणि नंतर बाकीचे १३ पीसी एकेक करून जोडून पाहिले. शेवटचा लॅबचा होता. बाईंनी स्वेटर काढला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

कॅल मागवण्याआधी डीलरला एवढं जरूर विचारा, की ही नोंदवायची कुठे आणि त्या सर्व्हरची आवृत्ती कोणती. आणि कोडचा कागद सर्व्हरच्या खोलीत ठेवू नका, बिलाच्या फायलीत ठेवा. विंडोज सर्व्हर २०१६ला सुरक्षेचे अपडेट १२ जानेवारी २०२७पर्यंतच मिळणार आहेत, हे मी मालकांना लिहून दिलं आहे. तोवर प्रोग्राम २०१९ किंवा २०२२वर नेता आला, तर हीच १५ लायसन्सं तिथेही चालतील. २०२५वर नेला, तर पुन्हा नवी घ्यावी लागतील.