शायनीचे आठ अल्बम: ‘द शायनी वर्ल्ड’ ते ‘हार्ड’

शायनी या कोरियन गटाचा आठवा पूर्ण कोरियन अल्बम ‘हार्ड’ २६ जून २०२३ रोजी आला. ओन्यू, जोंगह्यून, की, मिन्हो आणि तेमिन या पाच जणांनी २५ मे २००८ रोजी दूरचित्रवाणीवर पदार्पण केले होते. म्हणजे आठ अल्बमांचा हा पट पंधरा वर्षांचा आहे. एखाद्या गटाची उंची टायटल गाण्याच्या व्हिडिओवरून आणि त्याला मिळालेल्या व्ह्यूजवरून ठरवायची, ही रीत आता रूढ झाली आहे. शायनीच्या बाबतीत ती अगदीच तोकडी पडते. या गटाची खरी कमाई टायटल गाण्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या आठ-दहा गाण्यांत आहे आणि अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याखेरीज ती हाती लागत नाही.

पहिला ‘द शायनी वर्ल्ड’ ऑगस्ट २००८ मधला. त्यातले ‘लव्ह लाइक ऑक्सिजन’ हे त्याच वर्षी डेन्मार्कच्या ‘एक्स फॅक्टर’मध्ये जिंकलेल्या मार्टिनच्या ‘शो द वर्ल्ड’ या गाण्याचे कोरियन रूप आहे. परदेशी चाली विकत घेणाऱ्यांना कसले आले संगीत, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो घेणारी मंडळी आजही लिहिती आहेत. गटाची कंपनी एसएम एंटरटेनमेंट या चाली उघडपणे, श्रेय देऊन घेत असे, हे ती मंडळी सांगत नाहीत. शिवाय चाल आल्यावर तिचे काय होते, हेच इथे ऐकण्यासारखे आहे. ओन्यूचा मऊ, भरीव आवाज आणि जोंगह्यूनचा धारदार, वरच्या पट्टीत सहज चढणारा आवाज यांच्यात ओळी अशा वाटल्या आहेत की मूळ गाण्यात नसलेला ताण तयार होतो. तेमिन पदार्पणाच्या वेळी जेमतेम १४ वर्षांचा होता. सुरुवातीच्या गाण्यांत त्याच्या वाट्याला नाचच जास्त आला.

२००९ मधले दोन मिनी अल्बम ओझरते ऐकले तरी चालेल. जुलै २०१० मध्ये आलेल्या ‘ल्युसिफर’चे टायटल गाणे संगीतकार यू यंग-जिन यांच्या हातचे; सहगीतकारांत अमेरिकन गायिका बेबी रेक्सा हे नावही आहे. या गाण्यातल्या नाचाने गटाला आशियाभर ओळख दिली. अल्बम म्हणून मात्र ‘ल्युसिफर’ सलग नाही. ‘क्वासिमोडो’सारखे हृदयाला हात घालणारे गाणे आणि यंत्राच्या ठोक्यांवर चालणारी गाणी तिथे शेजारी राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

हे बोलणे मार्च २०१२ च्या ‘शेरलॉक’पासून सुरू झाले. हा मिनी अल्बम असल्यामुळे आठांच्या मोजणीत येत नाही, पण त्याच्यावाचून पुढचे काही समजत नाही. ‘क्लू’ आणि ‘नोट’ ही दोन स्वतंत्र गाणी. ती एकमेकांत विणून ‘शेरलॉक’ हे तिसरे गाणे घडवले आणि तिन्ही एकाच तबकडीवर ठेवली. ऐकणाऱ्याने दोन्ही सुटी गाणी ऐकायची आणि तिसऱ्यात त्यांचे सांधे शोधायचे. गाण्याचा विषय तपासाचा, म्हणून ऐकण्यालाही तपासाचे रूप दिले. अमेरिकन नृत्यदिग्दर्शक टोनी टेस्टा यांनी बसवलेल्या नाचातही पाच जण वेगळे होतात आणि पुन्हा एका आकृतीत येतात.

पुढची पायरी २०१३ ची. तिसरा अल्बम दोन भागांत आला: फेब्रुवारीत ‘ड्रीम गर्ल – द मिसकन्सेप्शन्स ऑफ यू’ आणि एप्रिलमध्ये ‘व्हाय सो सिरियस? – द मिसकन्सेप्शन्स ऑफ मी’. पहिल्या भागात ‘तू’विषयीचे गैरसमज, दुसऱ्यात ‘मी’विषयीचे. पहिला भाग ‘स्पॉयलर’ने उघडतो आणि पुढे येणाऱ्या गाण्यांची चाहूल देतो, दुसरा ‘नाइटमेअर’ने. स्वप्न आणि दुःस्वप्न अशी ही जोडी आहे. पहिल्यातला उजेड, फंकची उडी आणि ‘ड्रीम गर्ल’मधला माइक-स्टँड घेऊन केलेला नाच दुसऱ्या भागात काळवंडत जातो. ‘ऑर्गेल’, ‘डेंजरस’ आणि ‘स्लीपलेस नाइट’ या तीन गाण्यांसाठी तरी दुसरा भाग मिळवून ऐकावा. एप्रिलमध्ये जोंगह्यूनला मोटार अपघात झाला आणि ‘व्हाय सो सिरियस?’ रंगमंचावर चौघांनीच सादर केले. त्यामुळे हा भाग लोकांच्या नजरेआड गेला. त्याच्यावरचा तो अन्याय अजून फिटलेला नाही.

‘ऑड’ (मे २०१५) हा चौथा अल्बम कोरियन पॉपच्या पूर्ण अल्बमांत अग्रभागी ठेवावा लागतो. पहिलेच गाणे ‘ऑड आय’ जोंगह्यूनचे. गडबड नाही, दणका नाही. संथ आर अँड बी, आणि आवाजांचे थर एकावर एक हलकेच ठेवलेले. त्यानंतर येते ‘व्ह्यू’. लंडनच्या एलडीएन नॉइझ या जोडीचे हे डीप हाउस वळणाचे संगीत, शब्द पुन्हा जोंगह्यूनचे. तोवर मुलांच्या गटाचे टायटल गाणे म्हणजे शेवटाकडे चढत जाणारा आवाज आणि मध्येच रॅपचा तुकडा, असा साचा पक्का झाला होता. ‘व्ह्यू’ चढतच नाही. ते गाणे एकाच उंचीवर वाहत राहते आणि पाचही आवाज त्या प्रवाहाच्या बेताने गातात. तेमिनचा आवाज इथे इतरांच्या बरोबरीला आला आहे. ‘लव्ह सिक’मध्ये पदार्पणाच्या ‘रीप्ले’मधली थोरली प्रेयसी परतते. सात वर्षांपूर्वी तिच्यासाठी झुरणारा पोरगा आता मोठा झाला आहे. हा धागा टायटल गाण्यापुरते ऐकणाऱ्याला दिसणारच नाही.

ऑक्टोबर २०१६ चा ‘वन ऑफ वन’ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीच्या न्यू जॅक स्विंगकडे वळला. त्याची कॅसेट आवृत्तीही निघाली. ही केवळ जुन्या काळाची हौस होती, असे म्हणणाऱ्यांनी ‘प्रिझम’ आणि ‘शिफ्ट’ ऐकलेली दिसत नाहीत. ती दोन्ही त्या वेळच्या क्लब संगीताच्या बरोबरीने चालतात. जुने आणि नवे एका अल्बममध्ये इतके सलग नांदवणे पुढे फार थोड्यांना जमले.

१८ डिसेंबर २०१७ रोजी जोंगह्यूनचे निधन झाले. दशकपूर्तीचा ‘द स्टोरी ऑफ लाइट’ चौघांनी मे-जून २०१८ मध्ये तीन भागांत आणला. त्यातल्या ‘अवर पेज’चे शब्द चौघांनी मिळून लिहिले आणि ते त्याला उद्देशून आहेत. सैन्यसेवेच्या खंडानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘डोन्ट कॉल मी’ आला. टायटल गाणे मुळात गायिका बोआसाठी रचलेले, कर्कश आणि आक्रमक. या गटाला ते परके वाटते.

दरम्यान अल्बमचा धंदाच बदलला. पाच-सहा गाण्यांचा मिनी अल्बम, तीन मिनिटांच्या आत संपणारी गाणी, एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या आणि प्रत्येकीत कोणते निघेल ते ठाऊक नसलेले फोटोकार्ड. एकच चाहता चार-चार प्रती घेतो, पहिल्या आठवड्याच्या खपाचा आकडा फुगतो आणि तबकडी खोक्यातच राहते. खप वाढला म्हणून अल्बम हा प्रकार बहरला, असे लिहिणाऱ्यांनी गाण्यांचा क्रम कोण लावतो आणि तो कोण ऐकतो, हेही विचारायला हवे.

‘हार्ड’ याच काळातला आहे आणि त्याच्याही अनेक आवृत्त्या निघाल्या. टायटल गाणे नव्वदच्या दशकातल्या हिप-हॉपवर बेतलेले. सुरुवातीची गाणी आजच्या बाजाराच्या आवाजात बोलतात. ‘द फीलिंग’ आणि ‘स्वीट मिझरी’मध्ये मात्र आवाजांची ती जुनी विणकाम करणारी शिस्त परत येते. ओन्यू गाण्यांत आहे, पण प्रकृतीच्या कारणाने प्रसिद्धीच्या कार्यक्रमांत नव्हता, त्यामुळे रंगमंचावर तिघेच दिसले. ‘ऑड’च्या उंचीला हा अल्बम पोहोचत नाही. तरीही दहा गाण्यांचा पूर्ण अल्बम आहे आणि त्याच्या उत्तरार्धात टायटल गाण्यापेक्षा सरस गाणी आहेत.