सभासद नोंदवहीसाठी संगणक निवडताना

1956 साली आपला भाग म्हैसूर राज्यात आला. त्याआधीच्या पिढीची नावे, गावे आणि सोयरीक आता जुन्या वह्यांतच उरली आहेत. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या कुटुंबांची ही माहिती आपण संगणकावर घेत आहोत.

एका कुटुंबाची नोंद 2 किलोबाइट धरली, तर 5000 कुटुंबांच्या नोंदी 10 मेगाबाइटमध्ये मावतात. जागा खातात ती छायाचित्रे आणि स्कॅन. नोंदी रॅममध्ये मावल्या की नाव झटकन सापडते. त्यासाठी 8 जीबी रॅम पुरते. नवी नोंद जतन करायला मात्र डिस्कवर जावेच लागते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर विखुरलेल्या जागी सेकंदाला शंभरेक वेळाच पोचता येते, एसएसडीवर हजारो वेळा. दोन-चार जणच काम करणार असतील तर महागडा प्रोसेसर नको. तेच पैसे एसएसडीला लावावेत.

लिहिता लिहिता वीज गेली तर नोंदी बिघडू शकतात, म्हणून यूपीएस हवाच. दर आठवड्याला एक प्रत दुसऱ्या गावी ठेवू या. आणि वह्या? त्या रद्दीत द्यायच्या नाहीत.