राउटरवरील फाइल : नांव आणि ठिकाण

पाकिटावर नुसतें 'चि. बाळ यास' एवढेंच लिहून तें पेटींत टाकलें, तर टपालखात्यानें तें कोठें पोहोंचवावें? घरांतल्या घरांत मात्र तेवढें नांव पुरतें. संगणकांच्या जाळ्यांत संदेशांना वाट दाखविणाऱ्या राउटर नामक यंत्रासही हाच न्याय लागू पडतो. इतरांचे संदेश बिनचूक पोहोंचविणाऱ्या या यंत्राला स्वतःच्या फायली कोठून घ्यावयाच्या व कोठें ठेवावयाच्या हें मनुष्यानें स्पष्ट सांगावें लागतें. आणि त्या सांगण्यांत चूक झाली, तर कित्येक दिवसांचें काम क्षणांत नाहींसें होतें.

सिस्को कंपनीचे राउटर उदाहरणादाखल घेतां येतील. त्यांच्या पोटांत मुख्यतः तीन कोठारें असतात. पहिलें चालू स्मृतीचें. यंत्र त्या क्षणीं ज्या आज्ञांप्रमाणें वागत असतें तो 'रनिंग-कॉन्फिग' येथें असतो, आणि वीज जातांच तो पुसला जातो. दुसरें 'एनव्हीरॅम'. येथील मजकूर विजेवांचूनही टिकतो, व यंत्र पुन्हां सुरू होतांना येथील 'स्टार्टअप-कॉन्फिग' वाचतें. तिसरें 'फ्लॅश'. यांत यंत्राची मूळ कार्यप्रणाली साठविलेली असते.

पत्ता लिहितांना आधीं कोठाराचें नांव, मग विसर्गासारखीं दिसणारीं दोन टिंबें, आणि शेवटीं फाइलचें नांव, असा क्रम असतो, जसें 'फ्लॅश:प्रत'. प्रत्यक्षांत हीं अक्षरें रोमन लिपींत टंकावीं लागतात. हा झाला स्थानिक मार्ग. कोठाराचें नांव गाळल्यास यंत्र त्या वेळीं निवडलेलें कोठार, बहुधा फ्लॅश, गृहीत धरतें.

फाइल दूरच्या संगणकावर असेल, तर पत्ता लांबतो. 'टीएफटीपी://१९२.०.२.१०/राउटर/प्रत' यांत प्रथम नेण्या-आणण्याची पद्धति सांगितली आहे. पुढील दोन तिरक्या रेघा आतां दुसऱ्या यंत्राचें नांव येत आहे अशी सूचना देतात. मग त्या यंत्राचा अंक, त्यावरील कप्पा आणि अखेरीस फाइल. आंतरजालाच्या पत्त्यांतही याच दोन रेघा दिसतात. तेथें त्या योजणारे टिम बर्नर्स-ली यांनीं २००९ सालीं कबूल केलें कीं, त्यांच्यावांचूनही चाललें असतें!

टीएफटीपी ही १९८१ पासूनची साधी पद्धति आहे. ती परवलीचा शब्द विचारीत नाहीं, कीं मजकूर झांकीतही नाहीं. शिवाय तेथील कप्प्याचा मार्ग बहुधा त्या संगणकाच्या मुळापासून मोजला जात नाहीं. व्यवस्थापकानें या कामासाठीं राखून ठेवलेल्या जागेपासून मोजला जातो. फाइल असूनही 'सांपडली नाहीं' असें उत्तर येण्याचें हें एक नेहमींचें कारण आहे. आज्ञासंचांत गुप्त शब्दही असतात. म्हणून मजकूर सांकेतिक करून नेणारी 'एससीपी' पद्धति अधिक सुरक्षित होय.

सर्वांत घातक चूक मात्र दिशेची. 'कॉपी' या आज्ञेंत आधीं उगम आणि नंतर मुक्काम लिहावयाचा असतो. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' असें टंकल्यास चालू आज्ञासंच कायम जतन होतो. नांवें उलट पडलीं, तर जुन्या आज्ञा नव्यांवर ओतल्या जातात. जेथें दोघींचा विरोध येतो तेथें जुनी टिकते, आणि जिला विरोध नसतो ती नवीही राहते. अशा खिचडीनें चाललेलें जाळें कोठें अडलें आहे हें शोधणें तज्ज्ञांसही जड जातें.

म्हणून जाणते व्यवस्थापक बदल करण्यापूर्वीं एक प्रत दूरच्या संगणकावर ठेवतात, दोन्ही मार्ग एकदां वाचून पाहतात, आणि प्रत पोहोंचल्यावर ती उघडून तपासतात. मध्यरात्रीं वीज जाऊन आली, तरी सकाळीं कचेरीचें काम सुरळीत चालतें तें या पांच मिनिटांच्या काळजीमुळें.