चेहरा म्हणजे पितळेचं भांडं नव्हे

गेल्या रमजानचा सातवा-आठवा रोजा असेल. असरच्या नमाजसाठी वुजू करायला नळ उघडला, ओंजळभर पाणी चेहऱ्यावर घेतलं आणि गालांवर मिरची चोळावी तशी आग झाली. नाकाच्या दोन्ही बाजूंना त्वचा कोंड्यासारखी सुटली होती. ओठांच्या कडा फाटल्या होत्या. पाण्याच्या स्पर्शानंच डोळ्यांत पाणी येऊ लागलं, तेव्हा मनात एक नको तो विचार आला. आता वुजूच टाळावी की काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नमाजपूर्वी हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात आणि पाय धुतात, डोक्यावरून ओला हात फिरवतात. ही वुजू. रमजानात एरवी नमाज चुकवणारेही पाच वेळा उभे राहतात, रात्री तरावीहही असते. म्हणजे चेहऱ्याला दिवसातून पाच वेळा तरी पाणी लागतं.

मी आधी रोजाला दोष दिला. दिवसभर पाणी नाही, चेहरा सुकणारच, असं वाटलं. मग पाण्याला दोष दिला. आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारं. त्यातच कुणीतरी सुचवलेली एक ट्यूब मेडिकलमधून आणून लावली. दोन दिवस चेहरा गुळगुळीत झाला, तिसऱ्या दिवशी आग दुप्पट.

शेजारच्या काकू इफ्तारची भजी घ्यायला आल्या होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, ‘‘तोंड आहे का पितळी गुंड वं बाई? किती घासतेस!’’

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. सणाच्या आदल्या दिवशी चिंच लावून गुंड, घंगाळ, परात लखलखीत करणाऱ्या बायांनी इथली घरं भरलेली. चिंचेतलं आम्ल पितळेवरचा काळपट थर विरघळवतं आणि खालचा धातू उघडा पडून चमकतो. काकूंचं बोलणं मला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्यावर नीट कळलं. चेहऱ्यावरचा थर काढून टाकायचा नसतो. तो थर म्हणजेच आपलं संरक्षण.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘वुजूच्या वेळी काय लावता?’’ मी अभिमानानं सांगितलं, रस्त्यावर धूळ फार, म्हणून प्रत्येक वेळी फेसवॉश. पाच वेळा! त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘पाण्याचा दोष थोडा, फेसाचा जास्त.’’

गोष्ट साधी आहे. त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे गारा. ही भिंत आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचा त्रास आत येऊ देत नाही. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारण 5 पीएचच्या आसपास असतो. नेहमीचा साबण मात्र अल्कधर्मी, 9 ते 10 पीएचचा. तो मळाबरोबर गाराही थोडा धुऊन नेतो. एकदा धुतलं तर त्वचा काही तासांत सावरते. दिवसातून पाच वेळा धुतलं तर सावरायला उसंतच मिळत नाही. मग साधं पाणीही झोंबतं.

त्यात पाणी जड असेल तर भर पडते. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं. बादलीला दिसतो तसा तो थोडाफार गालावरही राहतो. घरच्या पाण्याची परीक्षा सोपी आहे. बाटलीत पाणी घ्या, साबणाचा कीस टाका आणि हलवा. फेस कमी आणि पाणी गढूळ झालं, तर पाणी जड समजा.

आता दुकानात काय बघायचं? पुढचं चित्र नव्हे, मागचं बारीक अक्षर. ‘साबणविरहित’, म्हणजे ‘सोप फ्री’ किंवा ‘सिंडेट’ असं लिहिलेलं कोरड्या त्वचेला बरं. त्याचा पीएच त्वचेच्या जवळ ठेवता येतो आणि जड पाण्यात साका धरत नाही. घटकांच्या यादीत ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असेल तर चांगलंच. ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ वरच्या ओळींत असेल तर संवेदनशील चेहऱ्यासाठी दुसरी बाटली पाहा. सुगंध, मेन्थॉल, घासणारे खडे, हे सगळं नको. फेस कमी येतो म्हणून स्वच्छता कमी होते, हा आपला गैरसमज आहे.

साबणाच्या वेष्टनावर टीएफएम लिहिलेलं असतं. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये ते किमान 76 टक्के लागतं. जास्त टीएफएम म्हणजे चांगल्या प्रतीचा साबण, हे खरं. पण तो शेवटी साबणच. ‘76 आहे म्हणजे सौम्य’ असं धरून चालू नका. ‘हर्बल’ आणि ‘बेबी’ या शब्दांचंही तसंच.

घरगुती उपायांबद्दलही बोलायला हवं, कारण ते आपण डोळे मिटून करतो. लिंबू चेहऱ्याला लावणं म्हणजे खरोखरच पितळ घासणं. मुलतानी माती तेल शोषते, तेलकट चेहऱ्याला ठीक, कोरड्याला आणखी कोरडं करते. बेसन चोळून काढताना झीज होते. आणि अत्तर कपड्यांना लावा, गालांना नको.

त्या ट्यूबचं काय झालं? डॉक्टरांनी तिच्यावरचं नाव वाचलं आणि बाजूला ठेवली. तीत स्टेरॉइड होतं. अशी क्रीम आधी गुण दिल्यासारखं करतात, पण मनानं लावत राहिलं तर त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ येतं आणि क्रीम थांबवली की आग भडकते. 2018 साली केंद्र सरकारनं अशा 14 स्टेरॉइड क्रीमची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरी गोरेपणासाठी म्हणून ती हातोहाती फिरतात. लग्न ठरलेल्या मुलींच्या आयांनी हे विशेष लक्षात ठेवावं. बरेच दिवस लावत असाल तर एकदम फेकू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

मला दिलेला नियम एका कागदावर मावला. क्लीन्सर दिवसातून एकदाच, इशाच्या वुजूआधी. वाटाण्याएवढा घ्यायचा, बोटांच्या टोकांनी फिरवायचा आणि भरपूर पाण्यानं धुवायचा. बाकी चार वेळा नुसतं पाणी. वुजूला साबण लागतच नाही. सहरीच्या वेळी गार वाटतं म्हणून कढत पाणी घ्यायचं नाही, कोमट पुरे. चेहरा टॉवेलनं पुसायचा नाही, टिपायचा, आणि टॉवेल आपला वेगळा ठेवायचा. त्वचा ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं, वुजूच्या आधी नाही, नंतर. मग पाचदा पाणी लागणं ही अडचण न राहता सोय होते, कारण पाच वेळा ओला चेहरा आयता मिळतो. त्वचेवर क्रीम लावल्यानं रोजा तुटत नाही, असं आलिम सांगतात.

नवं काही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून पाहायचं. खाज, लाली आली नाही तरच चेहऱ्याला. भेगांतून पाणी येत असेल, पापण्या सुजल्या असतील किंवा अंगभर कोरडेपणा आणि थकवा असेल, तर घरी प्रयोग नकोत. थायरॉइडच्या कमतरतेतही त्वचा अशी कोरडी होते.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2018 साली तो मेच्या मध्यात सुरू झाला आणि आपण नवतपात रोजे धरले. तेव्हा घामानं चेहरा ओला असायचा. आता तो उतरत्या थंडीत, कोरड्या वाऱ्यात आला आहे. होळीही याच दिवसांत येते. धुळवडीचा रंग काढताना काकूंच्या नातवंडांनाही हेच लागू. आधी खोबरेल तेल, नंतर सौम्य क्लीन्सर, आणि रंग एका दिवसात गेलाच पाहिजे हा हट्ट नको.

माझा चेहरा ईदपर्यंत सावरला. शीरखुर्म्याची वाटी घेऊन काकूंकडे गेले तेव्हा त्यांनी हनुवटी धरून गाल उजेडाकडे फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘आता दिसते माणसासारखी.’’

वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूचं पाणी जपून वापरा, अशी पैगंबर साहेबांची शिकवण आहे. वैनगंगेच्या काठावरच्या गावात ती लहानपणापासून ऐकत आले. पाणी मी जपत होते. फेसाचा हिशेब मात्र कधी ठेवला नव्हता. आज इफ्तारनंतर मोरीतली आपली बाटली उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर एकदा वाचा.